राऊटर घेण्यापूर्वी भिंत पाहा

परभणी, पाथरी, मानवतच्या जुन्या मोहल्ल्यांत आपल्या अनेक बांधवांचे पुढच्या खोलीत दुकान आणि मागे कुटुंब असते. इंटरनेटची पेटी दुकानात. मागे मोबाईलवर शिलाईच्या ऑर्डरी घेणाऱ्या भगिनींपर्यंत वायफाय पोचतच नाही. मग सहा अँटेनांचा महाग राऊटर, तोही व्याजाच्या हप्त्यावर! हा खर्च आम्हाला पटत नाही. अँटेना वाढल्याने दगडमातीची हातभर जाड भिंत पातळ होत नाही. शिवाय राऊटरची हाक मोबाईलला पोचली, तरी मोबाईलचा क्षीण जबाब परत यायला हवा.

दोन बँडचा साधा राऊटर पुरतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून त्यातल्या त्यात बऱ्या जातात. ५ च्या वेगवान, पण लवकर थकतात. पेटी गल्ल्याखाली किंवा लोखंडी कपाटामागे न ठेवता मधल्या दाराशी, उंचावर टांगावी. तरीही भागले नाही, तर लॅनची तार मागे ओढून टोकाला दुसरा स्वस्त राऊटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावावा. एकाच बँडवर चालणारा रिपीटर साधारण निम्मा वेग खातो, तार खात नाही. भिंतीला भोक पाडावे लागेल, घरातील वडीलधारे कुरकुरतील. पण खर्च एकदाच होईल आणि तोही रोखीत.