गोंदलेले चेहरे

नागालँडच्या मोन जिल्ह्यात अजून काही कोन्याक म्हाताऱ्यांचे चेहरे गोंदलेले दिसतात. ते हौसेचे गोंदण नव्हे. शत्रूचे मुंडके आणणाऱ्या योद्ध्याचा तो मान होता. पुढे सरकारी बंदी आली, बॅप्टिस्ट चर्च आले. मुंडकी आणणे थांबले आणि चेहरे गोंदणेही.

गोंदणे पाप आहे असे सांगताना ख्रिस्ती मंडळी बायबलमधली दोन वचने पुढे करतात. लेवीय १९:२८ मध्ये अंगावर खुणा करायला मनाई आहे. पण ती मृतांसाठी अंग कापून घेण्याच्या चालीसोबत आली आहे. आदल्याच वचनात दाढीच्या कडा छाटायलाही मनाई आहे. (रोज दाढी घोटणाऱ्या आम्हा फौजींचे मग काही खरे नाही!) दुसरे वचन, पहिले करिंथ ६:१९, शरीराला पवित्र आत्म्याचे मंदिर म्हणते. तिथे पौल बोलतो आहे व्यभिचाराविषयी, सुईशाईविषयी नाही.

माणूस देवाच्या प्रतिरूपात घडला, तर पलीकडच्या गावातल्या माणसाचे मुंडकेही आपल्याइतकेच मोलाचे. चर्चने कोन्याकांना दिलेली खरी गोष्ट ही. कातडी कोरी राहिली, हे त्यापुढे किरकोळ.

सैन्यभरतीत गोंदणाचे नियम कडक आहेत, तरी आदिवासी उमेदवारांना त्यांच्या चालीरीतींप्रमाणे सवलत मिळते. चर्चनेही तेवढे मन मोठे करावे. नातवाने आजोबांच्या नक्षीतली एखादी रेघ हातावर गोंदवून घेतली, तर त्याला पापी म्हणू नये. मुंडक्याचा अभिमान म्हणून ती मिरवू लागला, तर मात्र पाळकाने त्याला जरूर बसवून विचारावे.