केसपेपर नसलेल्यांचा न्याय

१० ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन. आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या मनोरुग्णाची आठवण या दिवशी फारसे कुणी काढत नाही. खुनाच्या खटल्यात आजाराचा मुद्दा निघाला, की ‘सुटण्यासाठी वेडाचे सोंग’ हीच पहिली प्रतिक्रिया उमटते. ज्यांच्या घरातले माणूस गेले त्यांना तसे वाटले तर त्यांना दोष देता येणार नाही. कायदा मात्र समजतो तितका भोळा नाही.

लंडनमधील १८४३ च्या मॅक्नॉटन खटल्यातून आलेली कसोटी आपल्या दंडविधानाच्या कलम ८४ मध्ये उतरली. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आहे. नुसता आजार असून भागत नाही. नेमक्या त्या क्षणी आपण काय करतो आहोत, किंवा ते चूक अथवा बेकायदा आहे, हे कळण्याची शक्तीच मनोविकलतेमुळे नव्हती, असे आरोपीला दाखवावे लागते. तसे असणे संभाव्य वाटले तरी पुरे, एवढा दिलासा सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये दिला.

पण दाखवायचे कशाच्या बळावर? महाराष्ट्रातील एका पोलीस शिपायाने १९९४ मध्ये पत्नीचा जीव घेतला. जन्मठेप झाली, उच्च न्यायालयातही ती कायम राहिली. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला कलम ८४ चा लाभ दिला. वडिलांना मानसिक आजार होता, त्याच्यावर स्वतःवर आधीपासून उपचार चालू होते, निदान स्किझोफ्रेनियाचे होते. घटनेनंतरच्या काही महिन्यांत त्याला २५ वेळा रुग्णालयात न्यावे लागले होते. कृत्य दिवसाढवळ्या घडले आणि तो पळालाही नाही. यातले बहुतेक सारे कागदावर होते, म्हणून न्यायालयाला दिसले.

ज्याला गावातून देवऋष्याकडे नेले, कधी घरातच बांधून ठेवले, त्याच्याकडे कोणता केसपेपर असणार? अटकेनंतर महिन्यांनी डॉक्टर तपासतात, तेव्हा त्या दिवशीचे मन कसे होते हे सांगायला कुणी उरलेले नसते. आरोपीला पूर्वी आजार असल्याचे दिसले, तर त्याची वैद्यकीय तपासणी करून घेणे हे प्रामाणिक तपास अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये बजावले आहे.

आणि सुटका म्हणजे घर नव्हे. मनोविकलतेमुळे निर्दोष सुटलेल्याला न्यायालय सुरक्षित कोठडीत ठेवू शकते किंवा हमी घेऊन नातेवाइकांच्या हवाली करू शकते. नातेवाईक आलेच नाहीत तर? खटल्याआधीही माणूस असाच अडकून पडू शकतो. आसामात १९५१ मध्ये पकडलेला एक माणूस तेजपूरच्या मनोरुग्णालयात गेला. १९६७ मध्ये डॉक्टरांनी तो बरा असल्याचे कळवले. तो बाहेर आला २००५ मध्ये, खटला न चालताच.

राज्यात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. त्यांच्या मदतीने गंभीर गुन्ह्यात अटक झालेल्या आणि आजाराची शंका असलेल्या प्रत्येक आरोपीची पहिल्या आठवड्यातच मनोविकारतज्ज्ञाकडून तपासणी व्हावी, आणि तो अहवाल आरोपपत्रासोबत न्यायालयात जावा. गृह आणि आरोग्य या दोन्ही खात्यांनी तसा आदेश आता काढावा.