दोन पिशव्या

सोमवारच्या ओपीडीत एक आजोबा आले. धोतर, सदरा आणि कमरेला जुन्या खणाच्या कापडाच्या दोन खोळी, नाडीने बांधलेल्या. मला वाटलं पैसे, कागद ठेवायचे बटवे असतील. सोबतच्या आजींनी एका खोळीचं तोंड सैल केलं तर आत लघवीची पिशवी, अर्धी भरलेली. दुसऱ्या खोळीत दुसरी. पाठीत दोन्ही बाजूंनी एकेक नळी, वर चिकटपट्ट्यांचा थर. "पिशव्या उघड्या दिसतात म्हणून हे एसटीत बसेनात," आजी म्हणाल्या. "मग शिवल्या." टाके बारीक आणि एकसारखे होते.

आजोबांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, हाडांत पसरलेला. इंजेक्शनं, गोळ्या, केमो सगळं होऊन गेलेलं. दोन महिन्यांपूर्वी भूक गेली, उचक्या थांबेनात, किडनी बिघडली की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन नऊवर गेलं. शनिवारी रात्री एका हॉस्पिटलात नेलं आणि रविवारी सकाळी दोन्ही नळ्या टाकल्या. त्यानंतर तीनदा नळी सरकली, दोनदा थंडी वाजून ताप भरला. साठातले बावीस दिवस हॉस्पिटलात गेले. क्रिएटिनिन आता दोन आहे. रिपोर्ट माझ्यापुढे धरून मुलगा म्हणाला, "किडनी तर सुधारली डॉक्टर. मग बाबा का सुधारत नाहीत?"

आजचा लेख त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे.

सोनोग्राफीचा रिपोर्ट वाचून आम्ही डॉक्टर सांगतो, "किडनीला सूज आहे." मीही इतकी वर्षं हेच सांगत आलो. शब्द फसवा आहे. सूज म्हटली की घरच्यांना वाटतं, गोळ्यांनी उतरेल. हा खरं तर फुगवटा असतो. अलमट्टी धरणावरून दर पावसाळ्यात तावातावाने बोलणाऱ्या आमच्या सांगलीकरांना फुगवटा म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. प्रोस्टेट मूत्राशयाच्या तळाशी बसते. तिथला कॅन्सर वर चढला की दोन्ही मूत्रवाहिन्या मूत्राशयात जिथे उघडतात तीच जागा गिळतो. कधी पोटातल्या गाठी बाहेरून मूत्रवाहिनी दाबतात. खाली वाट बंद, वर किडनी लघवी बनवतच राहते आणि फुगत जाते. रक्तात पोटॅशियम चढलं तर हृदय थांबू शकतं, म्हणून ही इमर्जन्सी.

सगळ्यात आधी करायचं काम अगदी साधं आहे: लघवीच्या मार्गातून कॅथेटर घालून बघणं. अडथळा नुसता मूत्राशयाच्या तोंडाशी असेल तर तेवढ्यावर भागतं. ते न करता रुग्णाला थेट मोठ्या हॉस्पिटलात पाठवलेलं मी पाहिलंय. कॅथेटर घालूनही किडन्या फुगलेल्याच राहिल्या तर दोन मार्ग उरतात. एक खालून, दुर्बिणीने डीजे स्टेंट सरकवायचा. दोन्ही टोकांना वळलेली ही नळी १९७८ साली आली. पण कॅन्सरने तळच व्यापला असेल तर मूत्रवाहिनीचं तोंड दुर्बिणीतून सापडत नाही. सापडलं तरी बाहेरून दाबणारी गाठ स्टेंटलाही जुमानत नाही. मग दुसरा मार्ग पाठीतून. रुग्णाला पालथं झोपवायचं, जागा बधिर करायची, सोनोग्राफीत बघत सुई फुगलेल्या किडनीत न्यायची, तिच्यातून तार आणि तारेवरून नळी. गुडविन आणि सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये हे पहिल्यांदा लिहून ठेवलं. आम्ही त्याला पीसीएन म्हणतो. नळी जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची. हात बसलेला असेल तर अर्ध्या तासात काम होतं.

आणि गोची इथेच आहे. मोठं ऑपरेशन असतं तर घरातली चार माणसं बसली असती, कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन गेला असता. अर्ध्या तासाच्या कामाला कोण कशाला विचारतो? सोनोग्राफीत फुगवटा दिसला, क्रिएटिनिन दिसलं, संमतीपत्रावर सही झाली, नळी पडली. मी स्वतः अशा कितीतरी नळ्या टाकल्या आहेत. दोन्ही बाजूंना टाकल्या आहेत, जिथे एक पुरली असती. जगायला आणि औषधं झेपायला बहुतेकदा एक बरी किडनी पुरते. संसर्ग नसेल तर जिचा गर जाड आहे तेवढीच मोकळी करावी. दुसरी नळी म्हणजे दुसरी पिशवी, दुसरं ड्रेसिंग. आणि ज्याच्या पाठीत दोन्हीकडे नळ्या आहेत त्याने झोपायचं कुठल्या कुशीवर, हे कुठल्याच संमतीपत्रात नसतं.

म्हणून ही नळी वाईट, असं कुणी घरी जाऊन सांगू नये. सात वर्षांपूर्वी एक गृहस्थ आले होते, क्रिएटिनिन अकरा, ईसीजी बिघडलेला. वय झालं की लघवी अडायचीच, या समजुतीत वर्ष काढलेलं. कॅन्सरचं निदानही व्हायचं होतं. त्या रात्री एका बाजूला नळी टाकली. पहिल्या चोवीस तासांत पाच-सहा लिटर लघवी झाली, तेवढं पाणी आणि क्षार शिरेतून देता देता आमच्या सिस्टर दमल्या. आठवड्याभरात वृषणं काढली. पुरुषी हार्मोन तोडलं की हा कॅन्सर आक्रसतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवलं. १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्या गृहस्थांचा कॅन्सर तसाच आक्रसला. तिसऱ्या महिन्यात नळीतून डाय सोडला तर तो सरळ मूत्राशयात उतरला. नळी काढून टाकली. पुढची पाच वर्षं दर मे महिन्यात त्यांच्याकडून आंब्याची पेटी आली.

नळी तीच, आजारही तोच. फरक एवढाच की त्यांच्या भात्यात औषध शिल्लक होतं. आजोबांच्या भात्यात काही उरलं नव्हतं. ज्याचा हार्मोनचा उपचार सुरूच व्हायचाय त्याला ही नळी वर्षं मिळवून देऊ शकते, तिथे रात्रीचे दोन वाजले असले तरी थांबू नये. सगळी औषधं हरल्यावर टाकलेली नळी बहुधा महिन्यांचा हिशेब करते, आणि त्यातले बरेच दिवस हॉस्पिटल परत घेतं. नळी सुमारे तीन महिन्यांनी बदलावी लागते. मधेच निघाली तर वाट बुजायच्या आत, म्हणजे काही तासांत, पोचावं लागतं. गावातून पहिली एसटी सहाला असते. ड्रेसिंग घरी कोण करणार? आजोबांचं सून करते. सासरे मान भिंतीकडे वळवून बसतात, ती काही न बोलता पट्टी बदलते. हे मला आजींनी हळू आवाजात सांगितलं.

नळी न टाकता किडनी थांबू दिली तर काय होतं? माणूस हळूहळू सुस्तावतो, झोप वाढत जाते आणि एक दिवस त्या झोपेतून उठत नाही. मळमळ, उचकी, खाज, स्नायूंचे झटके येतात. त्यांवर औषधं आहेत. दुखण्यासाठी मॉर्फिन मात्र जपून, कारण बंद किडनीत ते साचतं; फेंटानिलचा पॅच बरा. हाडांच्या दुखण्याने तळमळत जाण्यापेक्षा हे मरण पुष्कळदा सौम्य असतं. डॉक्टरने असं लिहू नये, असं काहींना वाटेल. खोटं आहे असं मात्र कुणी म्हणणार नाही.

आणखी एका रुग्णाला हे सगळं मी वेळेत सांगू शकलो, कारण त्यांची किडनी नुकतीच फुगू लागली होती आणि डोकं साफ होतं. क्रिएटिनिन वाढलं की माणूस गुंगीत जातो, मग निर्णय मुलं घेतात, आणि मुलं 'नको' म्हणू शकत नाहीत. चार लोक काय म्हणतील! मास्तर होते ते. त्यांनी एकच विचारलं, "नळी टाकली तर हाडं दुखायची थांबतील?" म्हटलं, नाही. "मग राहू दे." सज्ञान, शुद्धीवरच्या माणसाला उपचार नाकारता येतो, मार्च २०१८ च्या निकालात सुप्रीम कोर्टानेही हे मान्य केलंय. मुलाला ते पटायला दोन दिवस लागले. मास्तर सतराव्या दिवशी घरीच गेले.

आजोबांच्या नळ्या आता काढायच्या की ठेवायच्या, हे आम्ही त्यांनाच विचारलं. त्यांनी उजवी काढायला सांगितली. डावी ठेवली, कारण नातीचं लग्न पुढच्या महिन्यात आहे. आजींनी एक खोळ तिथेच उसवून दुमडून ठेवली.

तुमच्या घरात प्रोस्टेट कॅन्सरचा रुग्ण असेल आणि रिपोर्टात दोन्ही किडन्यांना सूज लिहिली असेल, तर सही करण्याआधी डॉक्टरांना विचारा: नळी टाकल्यावर पुढचं औषध कोणतं? आणि हा प्रश्न रुग्णासमोर विचारा.