व्यसनाचीं पहिलीं चिन्हें

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय खात्यानें सन २०१९ मध्यें व्यसनांविषयींच्या देशव्यापी पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांत मद्यपान करणारांची संख्या सुमारें १६ कोटि दिली असून, पैकीं सुमारें ५ कोटि ७० लक्ष लोकांस दारू बाधक झाली आहे किंवा तिच्यावांचून त्यांचें चालत नाहीं, असें म्हटलें आहे. याहून खेदाची गोष्ट ही कीं, दारूच्या पूर्ण आहारीं गेलेल्या दर ३८ माणसांत अवघ्या एकास कांहीं तरी उपचार मिळाले. बाकीचे ३७ कोठें राहिले? आमच्या मतें ते घरांतच राहिले; आप्तांनीं त्यांचा रोग ओळखला नाहीं, किंवा ओळखून अब्रूच्या भयानें झांकला.

दारूबाज म्हटला कीं गटारांत लोळणारा मनुष्य आपल्या डोळ्यांपुढें येतो. पण ती शेवटची पायरी होय. पहिल्या पायरीवरील गृहस्थ वेळेवर दुकान उघडतो, देणीं फेडतो व चारचौघांत मान मिळवितो. तथापि, दिवाळें वाजण्यापूर्वीं तूट जशी कीर्दींत दिसूं लागते, तशींच या रोगाचीं चिन्हेंहि आधीं दिसूं लागतात. पूर्वीं एका पेल्यानें येणाऱ्या गुंगीस आतां तीन लागतात. मित्र त्यास पचविण्याची ताकद म्हणतात, वस्तुतः शरीर विषाला सरावलेलें असतें. "आज थोडीच" म्हणून बसलेला मनुष्य बाटली संपवून उठतो. रात्रीं काय बोललों हें त्यास सकाळीं आठवत नाहीं. किती घेतली याविषयीं तो खोटें बोलूं लागतो.

ज्यास स्वतःची परीक्षा करावयाची असेल, त्याच्यासाठीं सन १९८४ मध्यें प्रसिद्ध झालेले चार प्रश्न आजहि डॉक्टर विचारतात. पिणें कमी करावें असें कधीं वाटलें काय? त्यावरून कोणी बोललें असतां राग आला काय? मनास अपराधी वाटलें काय? सकाळीं उठतांच घोट घ्यावा लागला काय? दोहोंचें उत्तर होकारार्थी आल्यास डॉक्टरांचा सल्ला घेण्यास विलंब करूं नये.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. रोज भरपूर पिणाऱ्यास शपथ घालून एकाएकीं दारू तोडविल्यास झटके, भ्रम, प्रसंगीं मृत्यूहि ओढवतो. त्याची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालींच सोडवावी. पुण्यास सन १९८६ पासून मुक्तांगण हें केंद्र हेंच काम करीत आहे.

सरकारचें धोरण तर वारंवार बदलतें. चंद्रपूर जिल्ह्यांत सन २०१५ मध्यें दारूबंदी झाली व सन २०२१ मध्यें ती उठली. बंदी असावी कीं नसावी, हा वाद चालेल तितका चालो. पण घरांतील माणसाचा हात सकाळीं कांपूं लागला असतां त्या वादाच्या निकालाची वाट पाहणें शहाणपणाचें नव्हे. क्षयाचा खोकला आपण लपवीत नाहीं. मग हाच रोग लपवून कोणाची अब्रू राखली जाते, याचा विचार आमच्या वाचकांनीं आज रात्रीं आपापल्या घरीं करावा.