डोळ्यातील इंजेक्शन : काय टाकावे, काय जपावे?

मधुमेह हा आता केवळ शहरी सुखवस्तूंचा आजार राहिलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे 10 कोटी मधुमेही आहेत. या आजाराने दृष्टिपटलाला सूज आली, तर अनेकदा डोळ्यात औषधाचे इंजेक्शन द्यावे लागते, आणि सुरुवातीचे काही महिने ते बहुधा दरमहा घ्यावे लागते. शहापूर तालुक्यातील डोळखांबच्या किंवा मुरबाड तालुक्यातील टोकावड्याच्या शेतमजुराने त्यासाठी शहर गाठायचे, म्हणजे बुडालेली मजुरी, प्रवासखर्च आणि सोबतीला घरचे एक माणूस. मुरबाडला तर अद्याप रेल्वेही नाही. खर्च वाढला की खेप चुकते आणि चुकलेली खेप दृष्टीवर बेतते.

म्हणूनच या इंजेक्शनची साधने एकदा वापरून टाकावीत की पुन्हा वापरावीत, हा प्रश्न केवळ डॉक्टरांचा नाही. सुई आणि सिरिंज प्रत्येक डोळ्यासाठी नवीच हवी. तेथे तडजोड नाही. परंतु पापण्या उघड्या ठेवणारा पोलादी स्पेक्युलम किंवा सुई टोचण्याची जागा मोजणारा कॅलिपर दर वेळी फेकण्याचे कारण नाही. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने 1976 पासून काटकसर आणि गुणवत्ता यांची सांगड घातली आहे. तेथे मोतीबिंदू शस्त्रक्रियेची बरीच साधने निर्जंतुक करून पुन्हा वापरली जातात. तरीही तेथील जंतुसंसर्गाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा अधिक नाही. कचराही पुष्कळ कमी होतो.

मात्र धुवून वापरणे आणि निर्जंतुक करून वापरणे यांत अंतर आहे. ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंश सेल्सिअस तापमानाची दाबाखालील वाफ किमान 15 ते 20 मिनिटे मिळाली पाहिजे. मध्येच वीज गेली, तर सारे पहिल्यापासून करावे लागते. जेथे याची खात्री नाही, तेथे एकदाच वापरायचा संचच योग्य. जानेवारी 2019 मध्ये मुंबईत जोगेश्वरीच्या महापालिका रुग्णालयात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांच्या डोळ्यांत जंतुसंसर्ग झाला आणि त्यांतील काहींची दृष्टी गेली. महानगरातही हा धोका टळत नाही, मग ग्रामीण भागात गाफील राहून कसे चालेल?

फेकायच्या साधनांचीही जबाबदारी असतेच. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार वापरलेल्या सुया भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात, तर सिरिंजसारखे प्लास्टिक लाल पिशवीत वेगळे ठेवून प्रक्रिया केंद्राकडे द्यावे लागते. गावाच्या उकिरड्यावर त्यांना स्थान नाही.

नेत्रतपासणी शिबिरे भरवून रुग्णांना इंजेक्शनसाठी पुढे पाठवणाऱ्या कार्यकर्त्यांनी त्या रुग्णालयाला तीन प्रश्न अवश्य विचारावेत : सुई-सिरिंज नवी आहे का? ऑटोक्लेव्हची तपासणी आणि नोंद नियमित होते का? वाचलेल्या पैशाचा लाभ रुग्णाला मिळतो का? स्वस्त उपचाराच्या नावाखाली गरिबाच्या डोळ्याशी खेळ होऊ नये आणि सुरक्षिततेच्या नावाखाली अनावश्यक खर्च त्याच्या माथी मारला जाऊ नये, एवढी दक्षता समाजाने घेतलीच पाहिजे.