सत्तर टक्के कशाचे?

शाळेत शेकडेवारी शिकवताना मुलांना मी एक सवय लावायचे. कुणी 'वीस टक्के' म्हटलं, की लगेच विचारायचं, "कशाचे?" दुकानदार वीस टक्के सूट देतो ती मूळ किमतीवर, की आधी वाढवून ठेवलेल्या किमतीवर? हे विचारलं नाही तर त्या टक्क्यांना काही अर्थ नाही. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल, म्हणजे सगळे जिला बॅरिअॅट्रिक सर्जरी म्हणतात तिच्याबद्दल, आमच्या नात्यात सध्या जी चर्चा चालू आहे, ती ऐकताना मला सारखा हाच प्रश्न विचारावासा वाटतो.

आमच्या एका भाचीची ही शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात ठरली आहे. नाव लिहीत नाही. नातेवाईकांना ठाऊकच आहे आणि बाकीच्यांना ते कळायची गरज नाही. तिला विचारूनच हे लिहिते आहे. वय छत्तीस, उंची १६० सेंटिमीटर, वजन ११० किलो. मधुमेह आहे, गुडघे दुखतात आणि रात्री झोपेत श्वास अडकतो म्हणून नाकावर मशीन लावून झोपावं लागतं. अशा माणसाने शस्त्रक्रियेचा विचार करू नये असं मी मुळीच म्हणणार नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. शस्त्रक्रियेकडून काय मिळेल याचा हिशेब तारखेच्या आधी, कागदावर व्हायला हवा. आणि तो पेशंटइतकाच घरातल्यांनीही करायला हवा.

रुग्णालयातल्या माहितीच्या कार्यक्रमाहून आल्यावर ती मला म्हणाली, "आत्या, सत्तर टक्के वजन जातं गं!" मी म्हटलं, "कशाचे सत्तर टक्के?" तिने मनातल्या मनात ११० चे सत्तर टक्के केले असावेत. तसं धरलं तर राहतील ३३ किलो, म्हणजे चौथी-पाचवीतल्या मुलीएवढे. अर्थातच ते तसं नसतं. डॉक्टर मंडळी टक्के सांगतात ते बहुतेक वेळा 'जादा' वजनाचे. बीएमआय २५ धरला, तर १६० सेंटिमीटर उंचीला ६४ किलो वजन येतं. ११० मधून ६४ वजा केले की जादा वजन ४६ किलो. त्याचे सत्तर टक्के म्हणजे साधारण ३२ किलो. म्हणजे सगळं अगदी छान पार पडलं तर वर्ष-दीड वर्षाने ती ७८ किलोच्या आसपास असेल.

आता ७८ हा आकडा दोन चष्म्यांतून बघा. डॉक्टरांच्या चष्म्यातून हे घवघवीत यश आहे. साखर आटोक्यात येईल, गुडघ्यांवरचा भार उतरेल, कदाचित ते रात्रीचं मशीनही सुटेल. पण हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांच्या चष्म्यातून ७८ किलोची बाई 'अजून जाडच' असते. तिच्या सासूबाई परवा म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत अगदी ओळखू येणार नाही!" तिची स्वतःची इच्छा तर अशी, की लग्नातल्या शालूचं ब्लाउज पुन्हा अंगात जावं. लग्नात ती ५२ किलोची होती. म्हणजे घरातल्या प्रत्येकाच्या मनात वेगळा आकडा आहे, आणि ७८ हा आकडा त्यांच्यापैकी एकाच्याही मनात नाही. पेपर सोपा असूनही मुलगी नापास व्हावी अशी व्यवस्था आपण आधीच करून ठेवली आहे.

दुसरा प्रश्न 'किती दिवस?' हा. वजन सर्वांत जास्त उतरतं ते पहिल्या वर्षा-दोन वर्षांत. त्यानंतर बहुतेकांचं थोडं परत येतं. स्वीडनमध्ये १९८७ पासून हजारो लोकांवर लक्ष ठेवून एक मोठा अभ्यास झाला. बायपास केलेल्यांचं वजन आधी सरासरी ३२ टक्क्यांनी उतरलं होतं आणि दहा वर्षांनंतर ते २५ टक्क्यांवर स्थिरावलेलं दिसलं. (हे टक्के मात्र मूळ वजनाचे बरं का!) म्हणजे ११० च्या माणसाने दहा वर्षांनी ८२-८३ ची अपेक्षा ठेवावी. ज्याला हे आधी ठाऊक असेल, तो चौथ्या वर्षी तीन किलो वाढले तर आहार सांभाळेल आणि डॉक्टरांकडे जाईल. ज्याला ठाऊक नसेल, तो 'ऑपरेशन फुकट गेलं' म्हणून सगळंच सोडून देईल. त्याच अभ्यासात शस्त्रक्रिया केलेल्या गटातले मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी आढळले. माझ्या दृष्टीने खरी कमाई ही आहे. पण तिचं कौतुक कोण करणार? जे झालं नाही, ते आरशात दिसत नाही.

मधुमेहाचंही तसंच. 'शुगर कायमची जाते' असं सर्रास बोललं जातं. अमेरिकेतल्या एका अभ्यासाचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. तीन महिन्यांची सरासरी साखर सहा किंवा त्याखाली ठेवणं हे कडक ध्येय पाच वर्षांनी बायपासच्या गटात शंभरातल्या २९ जणांनी गाठलं, स्लीव्हच्या गटात २३ जणांनी, आणि नुसत्या औषधोपचाराच्या गटात फक्त ५ जणांनी. आता हे आकडे कसे वाचायचे? औषधांपेक्षा शस्त्रक्रिया कितीतरी सरस ठरली, हे खरं. पण शंभरातल्या सत्तरांनी ते ध्येय गाठलं नाही, हेही तितकंच खरं. त्यांतल्या अनेकांच्या गोळ्या आणि इन्सुलिन कमी झालं, तेही काही थोडं नव्हे. 'कायमची जाते' आणि 'बरीच आटोक्यात येते' या दोन वाक्यांत एका माणसाची पाच वर्षांची निराशा मावते.

२०१७ मध्येच इजिप्तच्या एमान अहमदला खास विमानाने मुंबईत आणलं होतं, ते आठवत असेल. पाचशे किलोच्या आसपास वजन. किती किलो उतरले, हे आपण रोज वर्तमानपत्रात क्रिकेटच्या धावांसारखं वाचत होतो. पुढे नेमकं किती उतरलं यावरूनच तिची बहीण आणि रुग्णालय यांच्यात जाहीर वाद झाला. मे महिन्यात तिला अबुधाबीला हलवलं आणि सप्टेंबरमध्ये ती तिथे वारली. तिचा आजार फारच गुंतागुंतीचा होता, त्याची आपल्या घरच्या गोष्टीशी तुलना नाही. पण किलो मोजत राहण्याची आपली सवय त्या वेळी चव्हाट्यावर आली, एवढं नक्की.

आता स्वयंपाकघराकडे वळते, कारण खरी परीक्षा तिथे आहे. स्लीव्हच्या शस्त्रक्रियेत जठराचा पाऊण किंवा त्याहून थोडा जास्त भाग कापून काढतात, उरते केळ्याएवढी नळी. बायपासमध्ये जठराची अंड्याएवढी पिशवी ठेवून ती आतड्याला पुढे जोडतात. पहिले काही दिवस पातळ पदार्थ, मग घुसळलेलं, मग मऊ, असं करत महिना-दीड महिन्याने नेहमीचं जेवण सुरू होतं. नेहमीचं म्हणजे लहान वाटीभर. जेवताना पाणी प्यायचं नाही, अर्ध्या तासाने प्यायचं. आणि रोज किमान साठ ग्रॅम प्रथिनं पोटात गेली पाहिजेत.

साठ ग्रॅम म्हणजे किती, ते मी वहिनीबरोबर बसून मांडून पाहिलं. एक कप दुधात सहा-सात, वाटीभर घट्ट वरणात सहा-सात, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, एका अंड्यात सहा. आमच्या घरात अंडं नाही. मग दोन कप दूध, दोन वाट्या वरण आणि शंभर ग्रॅम पनीर मिळून चव्वेचाळीस-पंचेचाळीस झाले. एवढं त्या केळ्याएवढ्या पोटात दिवसभर थोडं थोडं करून बसवायचं आणि उरलेल्यासाठी प्रथिनांची पावडर. यात पोळी-भाताला जागा शेवटी, उरली तर. संकष्टी आणि एकादशीच्या साबुदाण्यात तर प्रथिनं जवळजवळ नाहीतच. तेव्हा उपास करायचा की नाही, हे देवाला आणि आहारतज्ज्ञांना दोघांनाही आधी विचारून घ्यावं. शिवाय लोह, कॅल्शियम, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व हे जन्मभर. 'बरं वाटतंय' म्हणून सोडायचं नाही आणि दरवर्षी रक्त तपासायचं.

आणि आपला आग्रह! पंगतीत "माझ्या हातचं एकच" म्हणून जिलबी वाढण्यात आपल्याला केवढं प्रेम वाटतं. बायपास झालेल्या माणसाने ती जिलबी खाल्ली, तर साखर झर्रकन आतड्यात उतरते आणि थोड्याच वेळात धडधड, घाम, पोटात कळा, चक्कर असा प्रकार होऊ शकतो. "एवढंसंच?" हा प्रश्नही तसाच. दिवसातून सहा वेळा तो ऐकणाऱ्या माणसाचं काय होत असेल? मंडळी, हे मी आपल्या सगळ्यांना उद्देशून लिहिते आहे, ओळखलं असेलच.

आणखी काही गोष्टी आधी सांगाव्यात अशा. तीन-चार महिन्यांनी केस गळतात, पुढे बहुधा परत येतात. पोटाची आणि दंडांची कातडी सैल लोंबते. ती व्यायामाने पूर्ण जात नाही आणि ती काढायची शस्त्रक्रिया सौंदर्यासाठीची समजून विमा कंपन्या सहसा तिचा खर्च देत नाहीत. स्लीव्हनंतर काहींना जळजळीचा त्रास होतो. मूल हवं असेल तर वर्ष-दीड वर्ष थांबायला सांगतात. शस्त्रक्रियेचा धोका आता फार थोडा असला तरी शून्य नाही. आणि मनातलं ओझं जठराबरोबर कापलं जात नाही. कुणी कंटाळा आला की खात असेल, कुणी रडू आलं की खात असेल, तर कंटाळा आणि रडू नंतरही येणारच. म्हणून आधी मानसतज्ज्ञांना भेटायला सांगतात. आमच्याकडे त्यावर "ती काय वेडी आहे का?" अशी प्रतिक्रिया आली. असो.

उलट बाजूचेही लोक आहेत. "जिभेवर ताबा नाही म्हणून पोट कापून घेतात" असं म्हणणारे. त्यांना मी एवढंच सांगेन, की भूक हा नुसता स्वभावाचा प्रश्न नाही. वजन उतरलं की शरीर भूक वाढवून ते परत मिळवायला बघतं. या मुलीने गेल्या दहा वर्षांत तीनदा वीस-वीस किलो उतरवले आहेत आणि तीनदा ते परत आले आहेत. तिच्या चिकाटीची परीक्षा घेण्याचा अधिकार आपल्याला नाही. २०२५ पासून आपल्याकडेही नवी इंजेक्शनं मिळू लागली आहेत, त्यांचाही विचार तिने डॉक्टरांशी बोलून केला. तीही बंद केली की बरंचसं वजन परत येतं. म्हणजे कुठल्याही रस्त्याने गेलं तरी जन्मभराची निगा आहेच.

माझी एक तक्रारही नोंदवते. तिच्याबरोबर मी रुग्णालयात गेले होते. संमतीपत्र आलं ते अनेक पानी आणि सगळं इंग्रजीत. "इथे, इथे आणि इथे सही करा." मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली, जन्मभर शिकवलेलं, तरी मला ते धड समजेना. भिंतीवर मात्र आधीचे-नंतरचे फोटो भलेमोठे, त्यांना भाषा लागत नाही. त्या फोटोंत पाच वर्षांनंतरचा एकही नव्हता. आम्ही सही न करता कागद घरी आणले, एका ओळखीच्या डॉक्टरांकडून ओळ न् ओळ समजून घेतली आणि मग सही केली. असं करायचा हक्क प्रत्येकाला आहे, तो वापरावा.

शेवटी आम्ही वहीच्या एका पानावर दोन रकाने केले. डावीकडे 'शस्त्रक्रियेकडून', उजवीकडे 'शस्त्रक्रियेकडून नाही'. डावीकडे तिने लिहिलं: साखर, झोप, गुडघे, मुलीबरोबर सिंहगड चढणं. उजवीकडे बराच वेळ काही लिहिलं नाही. मग लिहिलं: शालूचं ब्लाउज, सासूबाईंचं कौतुक, ऑफिसातल्यांचं बोलणं. खाली ७८ हा आकडा लिहून त्याला चौकट केली. तिच्या नवऱ्याने आणि सासूबाईंनीही ते पान वाचलं. सासूबाई जरा गप्प झाल्या, पण प्रथिनांच्या पावडरीचं ताक चालेल का, हे त्यांनीच विचारलं.

नातेवाईकांना विनंती एवढीच. पुढच्या वर्षी ती भेटली की 'किती उतरले?' हे विचारू नका. तब्येत कशी आहे, ते विचारा. आणि ताटात वाढण्याआधी तिला विचारा.