रुग्णासाठी एक दार

परवा भाच्याचा फोन आला. "मावशी, तुझ्यासाठी मराठीचं काम आहे. फुकट करायचं हं!" निवृत्त शिक्षिकेला कोणी शुद्धलेखन तपासायला दिलं की तिचा दिवस सार्थकी लागतो. लगेच हो म्हटलं.

तो आणि त्याचे मित्र मिळून एक पोर्टल तयार करताहेत. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आणि कृत्रिम सांधे, स्टेंट, टाक्यांचे धागे बनवणारे कारखानदार यांची थेट गाठ घालून द्यायची. कल्पना मला आवडली. लहान गावातल्या सर्जनला बऱ्याचदा जो डीलर पोचेल त्याचाच माल वापरावा लागतो. आणि बनवणाऱ्यालाही कळायला हवं की आपल्याकडची माणसं मांडी घालून जेवतात, उकिडवी बसतात. गुडघा तेवढा वाकायला हवा, हे त्याला सर्जनच सांगणार.

मजकूर तपासला, ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. पण एक गोष्ट खटकली. पहिल्याच पानावर दोन दारं: 'मी सर्जन आहे' आणि 'मी उत्पादक आहे'. ज्याच्या हाडात ती वस्तू बसणार, तो कुठेच नाही!

२०१६ साली ह्यांचा गुडघा बदलला. नुसत्या सांध्याचे दीड लाखाच्या वर मोजले. कोणत्या कंपनीचा, तोच का, हे ना कोणी सांगितलं, ना आम्ही विचारलं. डॉक्टरांच्या हाताला यश आहे, हे आज रोज फिरायला जातात. पण पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१७ मध्ये, सरकारने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतीवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याला ५४,७२० रुपये, कर वेगळा. तो आकडा वाचून हे म्हणाले, "मग वरचे पैसे कोणाच्या गुडघ्यात गेले?" हसलो खरं, पण उत्तर आजही माहीत नाही.

पैशाचं सोडा. २०१० साली एका परदेशी कंपनीने आपला खुब्याचा सांधा सदोष निघाल्यामुळे जगभरातून परत मागवला. भारतात तो हजारो लोकांना बसवलेला होता, आणि त्यातल्या बहुतेकांचा नंतर पत्ताच लागला नाही. हे वाचल्यावर मी ह्यांची फाईल काढली. एक्स-रे आहेत, औषधांची बिलं आहेत. सांध्याच्या खोक्यावर बॅच नंबरचं स्टिकर असतं, ते मात्र नाही. उद्या तो सांधा परत मागवला, तर आम्हाला कळणार कसं?

भाचा म्हणाला, "मावशी, रुग्ण काय सांधा निवडणार?" बरोबर आहे. निवड डॉक्टरांचीच. शाळेत पेपरही आम्हीच तपासायचो, पण तपासलेला पेपर मुलांच्या हातात द्यायचो की नाही?

मला एवढंच हवंय: वस्तूचं नाव आणि किंमत कोणालाही दिसावी. बॅच नंबर टाकला की ती परत मागवली आहे का ते कळावं. आणि डॉक्टरांना त्या कंपनीकडून मानधन मिळत असेल तर तेही लिहिलेलं असावं. अमेरिकेत २०१४ पासून असे आकडे सरकारच जाहीर करतं. प्रामाणिक डॉक्टरांना त्यात लपवण्यासारखं काय आहे?

मजकूर परत पाठवताना मी लाल अक्षरात एक दार वाढवलं: 'मी रुग्ण आहे'. अजून उत्तर आलेलं नाही. बहुधा शुद्धलेखनाची चूक शोधत असेल!

असो. मंडळी, तुमच्या घरी कोणाचा सांधा बदलला असेल, तर ते स्टिकर फाईलीत आहे का, आजच बघा.